नामपट्टी नसलेली मोटार

छत्तीसगड राज्याची नियोजित नगरी नवा रायपुर ही जुन्या रायपुर शहराच्या आग्नेयेस वसली आहे. जुन्या शहराच्या उत्तरेस उरला व सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे असून पश्चिमेस भिलाई आहे. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. जेथे यंत्रे दीर्घकाळ चालतात तेथे ती कधी ना कधी मोडीतही निघतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मोटारीही भंगारात जातात. भंगारात मोटारीचे मोल वजनावर, म्हणजे तांब्याच्या व लोखंडाच्या भावाने होते. वास्तविक तिचे सामर्थ्य पुष्कळदा शाबूत असते. हरवलेली असते ती केवळ ओळख. नामपट्टी निघून गेलेली असते, तारांचे रंग उडालेले असतात. अशा मोटारीला अंदाजाने विद्युत् दाब दिल्यास ती जळते आणि प्रसंगी माणसालाही इजा होते. मोटारीची माहिती मोटारीकडूनच कशी काढून घ्यावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

व्हिएन्ना येथील धडा

१८७३ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्रदर्शनात झेनोब ग्रॅम या संशोधकाची विद्युत् जनित्रे मांडली होती. त्यांपैकी एका यंत्राच्या तारा दुसऱ्या चालू जनित्राला जोडल्या गेल्या, तेव्हा ते यंत्र आपोआप फिरू लागले. एकच यंत्र फिरविले असता वीज देते आणि वीज दिली असता फिरते, ही गोष्ट त्यामुळे सर्वांच्या नजरेस आली. अनोळखी मोटार ओळखण्याची किल्ली याच गोष्टीत आहे.

पहिली पाहणी

प्रथम तारा मोजाव्यात. तीन सारख्या तारा असून कोणत्याही दोहोंमधील रोध समान भरला, तर ती बहुधा ब्रशविरहित मोटार असते. तिला स्वतंत्र नियंत्रक लागतो. चार तारांच्या दोन समान जोड्या असल्यास ती पायरीपायरीने फिरणारी स्टेपर मोटार असण्याचा संभव अधिक. कार्बनचे ब्रश व तांब्याच्या पट्ट्यांचा दिक्परिवर्तक दिसला, तर मोटार एकदिश प्रवाहाची आहे असे समजण्यास हरकत नाही. मात्र मिक्सर व हातड्रिल यांतील घरगुती विजेवर चालणाऱ्या मोटारींतही हेच भाग असतात, हे विसरू नये.

यानंतर दोन्ही तारा सुट्या ठेवून दांडा हाताने फिरवावा, मग तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवावा. दुसऱ्या वेळी दांडा स्पष्टपणे जड लागला, तर मोटारीत कायम चुंबक आहेत. ती स्वतःच वीज निर्माण करून स्वतःच्या गतीला विरोध करीत असते. अशी मोटार उघडण्याचा मोह टाळावा. काही जुन्या मोटारींत अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात. आर्मेचर बाहेर काढताच त्यांचे चुंबकत्व बरेच घटते.

फरक जाणवला नाही, तर क्षेत्र निर्माण करणारी वेटोळी वेगळी आहेत असे मानावे. जाड तारेचे, अत्यल्प रोधाचे वेटोळे आर्मेचरशी एकसरीत जोडावयाचे असते. बारीक तारेचे, अधिक रोधाचे वेटोळे अनेकसरीत जोडावयाचे असते. दोन्ही प्रकारांत एकेक धोका आहे. एकसरी मोटार भाराविना चालविल्यास तिचा वेग वाढतच जातो. रेल्वेच्या इंजिनांत अशा मोटारी अनेक वर्षे वापरल्या गेल्या, कारण तेथे गाडीचा भार सदैव जोडलेला असतो. अनेकसरी मोटारीत क्षेत्राची तार तुटली, तर तीही बेभान होऊ शकते. म्हणून चाचणीपूर्वी मोटार फळीला घट्ट आवळावी.

दोन मोजमापे

वेटोळी व सांगाडा यांच्यामधील रोध काही दशलक्ष ओहम तरी असावा. तो कमी भरल्यास मोटार वापरू नये. सर्व चाचण्या विद्युत् घटमालेवर कराव्यात, घरगुती विजेवर नव्हे.

यापुढील विवेचन कायम चुंबकाच्या मोटारीस लागू आहे. पहिले मोजमाप आर्मेचरच्या रोधाचे. साधा मल्टिमीटर येथे फसवितो, कारण ब्रशचा स्पर्श क्षणोक्षणी बदलतो. दांडा घट्ट धरून मोटारीतून एक-दोन अँपिअर प्रवाह सोडावा आणि तारांमधील दाब मोजावा. दाबास प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दांड्याच्या पाच-सहा निरनिराळ्या स्थितींत हे करून सरासरी काढावी.

दुसरे मोजमाप व्हिएन्नाच्या धड्याचे. वेग ठाऊक असलेल्या ड्रिलने मोटारीचा दांडा फिरवावा व निर्माण होणारा दाब पाहावा. समजा, मिनिटाला ६०० फेऱ्यांना ४.८ व्होल्ट मिळाले. म्हणजे दर १,००० फेऱ्यांस ८ व्होल्ट. आर्मेचरचा रोध १.२ ओहम आहे असे मानू. आता २४ व्होल्टवर ही मोटार भाराविना सुमारे ३,००० फेऱ्या करील, हे ती न चालविताच सांगता येते. फिरविण्याचा जोर दर अँपिअरला सुमारे ०.०७६ न्यूटन-मीटर असेल. दांडा अडकला तर प्रवाह २४ भागिले १.२, म्हणजे २० अँपिअर होईल. आर्मेचरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते: ३ अँपिअरला सुमारे ११ वॉट, २० अँपिअरला ४८० वॉट. अडकलेली मोटार काही वेळातच का जळते, ते यावरून कळते.

वेगाचे नियंत्रण

वेग कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एकसरीत रोधक घालणे. पण वरील मोटार ३ अँपिअर भारावर २,५५० फेऱ्या करते. तिचा वेग निम्मा करावयाचा तर ३.४ ओहमचा रोधक लागेल आणि त्यात ३० वॉटहून अधिक शक्ती वाया जाईल. शिवाय भार हलका होऊन प्रवाह १ अँपिअरवर आला, तर वेग १,२७५ वरून २,४०० च्या पुढे जाईल. असे नियंत्रण हे नियंत्रणच नव्हे.

खरा उपाय म्हणजे दाबच बदलणे. हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी १८९१ मध्ये मोटारीसाठी स्वतंत्र जनित्र ठेवून त्याचा दाब कमीअधिक करण्याची पद्धत काढली. उद्वाहने व पोलादाच्या रोलिंग मिल यांत ती दीर्घकाळ वापरली गेली. आता हेच काम ट्रान्झिस्टर करतो. तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो; चालू राहण्याचा काळ निम्मा असेल तर मोटारीला सरासरी निम्मा दाब मिळतो आणि उष्णता फारशी वाया जात नाही. प्रवाह तोडताच वेटोळ्यांत उसळणारा दाब ट्रान्झिस्टर निकामी करू नये म्हणून मोटारीला उलट दिशेने डायोड जोडणे आवश्यक असते.

दिशा बदलण्यासाठी तारांची अदलाबदल पुरते; मात्र मोटार आधी थांबली पाहिजे. भारावर फिरणाऱ्या वरील मोटारीत २०.४ व्होल्टचा विरोधी दाब असतो. तारा उलट करताच तो २४ व्होल्टमध्ये मिळतो व प्रवाह ३७ अँपिअरवर जातो. त्याऐवजी पुरवठा तोडून मोटारीच्या तारा रोधकातून जोडाव्यात. मोटार जनित्र बनून स्वतःलाच थांबविते.

शेवटी मोटार ठरविलेल्या भारावर अर्धा तास चालवून तिच्या तापमानाकडे लक्ष ठेवावे. सांगाड्याला हात लावून ठेवणे असह्य झाले, तर प्रवाहाची मर्यादा कमी करावी. मग आर्मेचरचा रोध, दर १,००० फेऱ्यांचा दाब, सुरक्षित प्रवाह व चाचणीची तारीख एका पट्टीवर लिहून ती पट्टी मोटारीला चिकटवावी, म्हणजे पुढे ती ज्याच्या हाती येईल त्याला तिची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागणार नाही.