भूगोलाचे महाविद्यालय निवडताना

माझ्या धाकट्या बहिणीचा बारावीचा निकाल लागला आणि "दादा, मला भूगोल घ्यायचा आहे" असे तिने सांगितले. "भूगोल शिकून पुढे काय?" हा बाबांचा प्रश्न. मी पडलो वाणिज्य शाखेचा. मला उत्तर देता येईना. म्हणून आम्ही दोघांनी चार महाविद्यालये प्रत्यक्ष पाहिली. त्यातून जे उमगले ते पुढील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट नावाची. 'पर्यावरण अभ्यास' हा पेपर आपण वाणिज्यवालेही लिहितो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशातून तो सर्व शाखांत आला. माहितीपत्रकात हे नाव दिसले म्हणजे तेथे त्या विषयाची पदवी मिळते असे नव्हे. भूगोल कला शाखेत आहे की विज्ञान शाखेत, तीनही वर्षे मुख्य विषय म्हणून घेता येतो का, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट नकाशांची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. हे नकाशे हाताळल्यावाचून भूगोल येत नाही. एका महाविद्यालयाची इमारत भव्य, पण नकाशांच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही! संगणकावर नकाशे करण्याची क्यूजीआयएस ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. तेव्हा केवळ पैशाची सबब पटण्यासारखी नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्षेत्रभेटीची. आपला जिल्हा हीच मोठी प्रयोगशाळा आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थ येथे धरणात अडते आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच तालुक्याच्या रानातून निघालेली म्हादई मात्र गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना! हे फळ्यावर शिकवणारे महाविद्यालय निराळे आणि तेथे नेऊन दाखवणारे निराळे. मागील वर्षीचे क्षेत्रभेटीचे अहवाल पाहायला मागावेत. खरे काय ते तेथेच कळते.

चौथी गोष्ट भाषेची व खर्चाची. सीमाभागातील विद्यार्थ्याला बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, गोवा अशा वाटा मोकळ्या दिसतात. पण राज्य बदलले की स्थलांतर प्रमाणपत्र लागते. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येईल तेही पाहावे लागते. 'समोच्चरेषा' शिकलेल्याला 'काँटूर' ओळखीचे व्हायला वेळ लागतो. तो वेळ देणारे प्राध्यापक आहेत का, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. शुल्क, वसतिगृह, खानावळ, प्रवास व सहली यांचा तीन वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडावा. हे काम मात्र मला जमले!

त्या कागदावरून बहिणीने जवळचे, लहान इमारतीचे, पण नकाशांचे कपाट उघडे असलेले महाविद्यालय निवडले. पहिल्या क्षेत्रभेटीहून ती परतली, तेव्हा गावच्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात हे तिने बाबांना कागदावर काढून दाखवले. बाबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

कन्नडमध्ये पर्यावरणाला 'परिसर' म्हणतात. मराठीत परिसर म्हणजे आपल्या आसपासचा मुलूख. दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे दोन्ही अर्थ एकत्र ठेवावेत आणि जे महाविद्यालय आपल्याला या परिसरात उतरवील, तेच निवडावे.