एल्कची शिकार आणि ग्रिझली अस्वल



अमेरिकेतील माँटानात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा मोसम आणि ग्रिझलीच्या भुकेचा मोसम एकाच वेळी येतात. धनुष्यबाणाची शिकार सप्टेंबरच्या सुरुवातीला खुली होते, बंदुकीची ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत चालते. याच महिन्यांत अस्वल हिवाळी झोपेसाठी अंगावर चरबी चढवत असते आणि दिवसाचे 20 तासही खाण्यामागे घालवते. मोठे नर सर्वांत शेवटी, कधी डिसेंबरमध्येही गुहेत शिरतात. त्यामुळे पहिला बर्फ पडला की अस्वले झोपली, असे समजून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. 1975 मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर ग्रिझली यलोस्टोन आणि ग्लेशियर या उद्यानांच्या हद्दीबाहेर दूरवर पसरली आहेत. आधीच्या पिढीच्या शिकाऱ्यांना जिथे त्यांचा मागही दिसला नव्हता, तिथेही आता ती भेटतात.

डोंगरात फिरायला जाणाऱ्याला सांगतात की बोलत जा, घोळक्याने जा, पहाटे आणि संध्याकाळी जंगलात शिरू नका. शिकाऱ्याला नेमके याच्या उलट वागावे लागते. तो पहाटेच्या अंधारात निघतो, पाऊल वाजू देत नाही, वारा तोंडावर घेऊन चालतो. शिवाय मादी एल्कच्या आवाजाची नक्कल करून नराला बोलावतो, आणि तो आवाज ऐकून भक्ष्याच्या आशेने अस्वलही येऊ शकते. हा धोका पूर्ण टाळता येत नाही, म्हणून उरलेल्या सगळ्या बाबतींत दुप्पट काळजी घ्यावी लागते. एकट्याने जाऊ नये. ताजी विष्ठा, उकरलेली माती किंवा एका जागी घिरट्या घालणारे डोमकावळे दिसले, तर जवळपास मेलेले जनावर आणि त्यावर अस्वल असण्याचा संभव धरून ती दिशा सोडावी.

बेअर स्प्रे प्रत्येकाकडे स्वतःचा असावा आणि तो कमरेच्या पट्ट्याला लावलेला असावा. पाठपिशवीत ठेवलेल्या स्प्रेचा उपयोग नाही. ग्रिझली ताशी 55 किलोमीटरच्या वेगाने धावते, म्हणजे 50 मीटरचे अंतर तीन-साडेतीन सेकंदांत तोडते. डबा किमान 225 ग्रॅमचा, मुदत न संपलेला हवा. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा हा फवारा साधारण 8-9 मीटरपर्यंत जातो. अस्वल 15 मीटरच्या आसपास आले की किंचित खाली रोख धरून तो सोडावा, म्हणजे धावत येणारे अस्वल त्या ढगात शिरते. मोसमाआधी सरावाच्या रिकाम्या डब्याने हात बसवून घ्यावा. बंदूक असताना याची गरज काय, असे अनुभवी माणसेही विचारतात. अलास्कातील नोंदींवर 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळून गाठ पडल्यावर स्प्रे वापरणाऱ्यांपैकी 98 टक्के लोकांना इजा झाली नव्हती. अंगावर येणाऱ्या अस्वलाला घाईत मर्मावर गोळी लागणे फार अवघड असते, आणि जखमी ग्रिझली अधिक घातक ठरते.

खरा धोका मात्र शिकार पडल्यानंतर सुरू होतो, आणि नवशिक्याचे लक्ष नेमके तिथेच सुटते. आपल्याकडे याचा अनुभव नसतो, कारण महाराष्ट्रात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली. विदर्भात मोहफुले वेचणाऱ्यांना अस्वल भेटते तेही वाळवी आणि फळे खाणारे. मेलेल्या जनावरावर हक्क सांगणारे नव्हे. ग्रिझली तो हक्क सांगते आणि त्यासाठी लढते. प्रौढ नर एल्कचे वजन 300 किलोच्या घरात असते, त्यामुळे मांस एका खेपेत नेता येत नाही. रक्ताचा आणि आतड्यांचा वास वाऱ्याबरोबर दूर पसरतो. म्हणून दिवस मावळायला आला असेल तर गोळी न झाडणे हेच उत्तम. जनावर पडले की लगेच कामाला लागावे. एकाने कापावे, दुसऱ्याने स्प्रे हाताशी ठेवून फक्त पहारा करावा. दोघांनीही खाली मान घालून काम करू नये. 2018 च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या टेटन अरण्यात आदल्या दिवशी मारलेल्या एल्कपाशी काम करणाऱ्या एका वाटाड्याचा दोन ग्रिझलींनी बळी घेतला. पिस्तूल त्या वेळी काही अंतरावर सामानात होते.

फरे सुटे करून आतड्यांच्या ढिगापासून निदान 100 मीटर दूर न्यावेत. ते जमिनीपासून 3 मीटरहून उंच आणि खोडापासून सव्वा मीटर बाहेर टांगावेत. जागा अशी निवडावी की परतताना लांबून दुर्बिणीने दिसेल. परतताना शांतता पाळण्याचे कारण उरत नाही. मोठ्याने बोलत, मोकळ्या बाजूने आणि वारा पाठीवर घेऊन यावे, म्हणजे माणसाचा वास आधी पोचतो. मांस हललेले, मातीने झाकलेले दिसले किंवा अस्वल त्यावर दिसले, तर ते सोडून द्यावे. हाकलायचा प्रयत्न करू नये; मागे फिरून वनाधिकाऱ्यांना कळवावे. कष्टाचे मांस सोडणे जिवावर येते, हे खरे, तरीही सोडावेच.

मुक्कामी स्वयंपाक, अन्न आणि रक्त लागलेले कपडे तंबूपासून 100 मीटरवर, अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत ठेवावेत.

गाठ पडलीच तर पळू नये. स्प्रे हातात घेऊन, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरकावे. स्प्रे मारूनही अस्वल अंगावर आले, तर पाठपिशवी न काढता पालथे पडावे, पाय फाकवावेत, बोटे गुंफून मान झाकावी आणि हालचाल बंद करावी. पिलांसाठी किंवा भक्ष्यासाठी चिडलेले अस्वल धोका टळल्यासारखा वाटला की बहुधा निघून जाते. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये. मात्र रात्री तंबूत घुसणाऱ्या किंवा बराच वेळ माग काढत येणाऱ्या अस्वलासमोर मेल्याचे सोंग चालत नाही. तिथे हाताला लागेल त्याने लढावे.

ग्रिझलीची शिकार माँटानात बंद आहे. स्वसंरक्षणासाठी मारावे लागले तर कायदा मुभा देतो, पण ते अस्वल जागेवरून हलवू नये, नखे किंवा कातडे काढू नये, आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला ताबडतोब कळवावे. फेडरल नियमानुसार ही नोंद 5 दिवसांच्या आत व्हावी लागते.

— काका