मधमाश्या कमी का झाल्या?



ऊस विकास अधिकाऱ्याने मधमाशीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. उसाला मधमाशी लागत नाही. आपण ऊस लावतो तो टिपरीपासून. तुरा आला तरी त्यात मध नसतो, आणि तो येऊच नये अशी आपली धडपड असते. तेव्हा टनेजचा आणि माशीचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आपला सभासद नुसत्या उसावर घर चालवीत नाही. कुणाकडे डाळिंब, कुणाकडे कलिंगड, परसात भोपळा-दोडका, आणि नेवासा तालुका म्हटला की कांदा आलाच. कांद्याचे बी घरचे धरणारेही पुष्कळ.

या बियाण्यावरूनच विषय निघाला. गेल्या फेब्रुवारीत एका गटात खोडव्याची पाहणी करीत होतो. शेजारच्या पट्ट्यात कांद्याचे डेंगळे फुलले होते आणि चार बायका गोंड्यांवरून हळूहळू तळहात फिरवीत चालल्या होत्या. हातात खुरपे नाही, पाटी नाही. मी विचारले, "मावशी, काय चाललंय?" त्या म्हणाल्या, "माशीचं काम करतोय साहेब. औंदा माशीच नाय." शेतमालक आपले जुने सभासद. त्यांनी सांगितले, "मागच्या साली गोंडं वरून झकास दिसत होतं, पण चोळलं तर निम्मं पोकळ निघालं."

असे का होते ते समजून घेऊ. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे त्या फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणावा लागतो. हे काम मुख्यतः माशी करते. शिवाय गोंड्यातली फुले एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. बाईचा हात रोज किती गोंड्यांवरून फिरणार, आणि ती मजुरी कुणाला परवडणार?

आता माशी गेली कुठे? आपल्याकडे तीन मुख्य जाती. मोठ्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली लटकते ते आग्यामोहोळ. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भगदाडात अनेक पोळी बांधते ती सातेरी. आणि बांधावरच्या झुडपात तळहाताएवढे एकच पोळे करते ती फुलोरी. पेटीत पाळायची मेलिफेरा ही बाहेरून आणलेली.

तिघींच्या तीन तक्रारी आहेत. फुलोरीला झुडूप हवे. ते आपण ठेवले नाही. सातेरीला ढोली हवी. जुनी झाडे रस्त्यात आणि सपाटीकरणात गेली. आग्यामोहोळ हंगामाप्रमाणे ठिकाण बदलते, लांबून येते. इथे आले तर फुलोरा हवा. पूर्वी रब्बीत ज्वारीबरोबर करडईच्या ओळी असत, सूर्यफूल असे, तीळ-जवस असे. मुळेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, आणि कोसभर शिवार हिरवेगार असूनही माशीला तिथे उपास घडू लागला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा. तेवढा काळ त्या रानात तिला खायला काही नाही. वर मध काढणारे रात्री टेंभा लावून अख्खे मोहोळ जाळतात, आणि फड पेटवला की कडेची झुडपेही होरपळतात.

यात माझाही हात आहे, तो लपवीत नाही. वर सांगितलेल्या सभासदांच्या बांधावर बोरी-बाभळीची दाट रांग होती. उंदीर-घुशीला आसरा नको, बांध स्वच्छ ठेवा, असे मीच त्यांना चर्चासत्रात सांगितले. त्यांनी जेसीबी लावून दिवसभरात बांध चकाचक केला आणि मी त्यांचे उदाहरण इतरांना देत फिरलो. उंदीर काही कमी झाले नाहीत. बोरी मात्र गेल्या.

दुसरे मोठे कारण औषधे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात भिनतात आणि मधात-परागातही उतरतात. माशी जागेवर मेली नाही तरी तिला घरची वाट सापडत नाही. युरोपीय संघाने या दोन्हींवर आणि क्लोथियानिडिनवर २०१८ साली उघड्या शेतात बंदी घातली. आपल्याकडे ती सहज मिळतात आणि वेळप्रसंगी लागतातही. मी स्वतः हुमणी-खोडकिडीसाठी औषधे सुचवतो. खरा घात वेळेचा होतो. मजूर सकाळी नऊला येतात, फवारणी दहाला सुरू होते, आणि माशी फुलावर सर्वात जास्त असते तीही त्याच वेळी. फुलकिडे दिसले म्हणून ऐन फुलोऱ्यात डेंगळ्यांवर फवारणारे तर स्वतःच्याच बियाण्यावर औषध मारतात.

रोगही आहेत. थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९१-९२ पासून दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसवल्या. अळी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरते. मेलिफेराला व्हरोआ कोळी छळतो. अमेरिकेत २००६ च्या सुमारास पेट्यांत राणी, अळ्या, मध सगळे जागेवर आणि कामकरी माश्या गायब, असा प्रकार झाला. तिथल्या अभ्यासकांनी कोळी, विषाणू, औषधे आणि उपासमार या सर्वांचा मिळून तो परिणाम धरला. आपल्या शिवारातही एकच आरोपी धरून चालणार नाही, असे माझे मत.

माशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल, असे आईन्स्टाईनच्या नावावर फिरते. त्यांनी तसे म्हटल्याचा पुरावा नाही. ज्वारी, बाजरी, गहू वाऱ्यावर किंवा आपले आपण फळतात. भाकरी राहील, कोरड्यास जाईल.

मी नोकरीला लागलो तेव्हा, २००२ साली, लोकरी मावा आला होता. फवारून फवारून सगळे थकले. शेवटी तो आवरला डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. त्यांना जगू दिले तेथे काम झाले.

तेव्हा पुढील हंगामासाठी एवढे करावे. ज्या बांधाने ऊस-लागणीला अडथळा नाही, त्यावरची बोर, बाभूळ, करंज, कडुनिंब तोडू नये. लागणीच्या कडेने करडई किंवा सूर्यफुलाच्या दोन ओळी टाकाव्यात. पाचट पेटवू नये. त्याचे खत होते हे आपण जाणताच. फवारणी अगदी टाळता येत नसेल तर दिवस मावळल्यावर करावी, डेंगळे फुलल्यावर त्यांच्यावर करू नये. बीजोत्पादनासाठी पेट्या भाड्याने आणणार असाल तर हेक्टरी चार-पाच पुरतात. पाच-दहा टक्के फुले उमलली की मग आणाव्यात, आधी आणल्यास माशी दुसऱ्याच फुलांना लागते. जवळ पाणी ठेवावे, त्यात काड्या टाकाव्यात, नाहीतर माश्या बुडतात.

डेंगळे लावणाऱ्या सभासदांनी आपला गट नंबर आणि लागणीची तारीख चिटबॉयकडे द्यावी. शेजारच्या ऊसवाल्याला फवारणीआधी निरोप देण्याचे काम शेतकी विभाग करील. त्या मावशींच्या शेताची नोंद मी पहिली केली आहे.