वळणावर ट्रक का उलटतो?

पुणे–बंगळूर महामार्ग शिरवळजवळ नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो आणि कराडनंतर वाळवा तालुक्यातून सांगली जिल्हा पार करतो. पूर्वी त्याचा क्रमांक 4 होता, आता 48 आहे. वाहने वाढली म्हणून अपघात वाढले, असे आपण सहज म्हणून टाकतो. पण वाहने सगळ्या रस्त्यावर असतात आणि अपघात मात्र ठराविक ठिकाणी, ठराविक तऱ्हेने होतात. असे का व्हावे?

खंबाटकी घाटाचेच उदाहरण घ्या. पुण्याकडे जाणारी वाहने येथे बोगद्यातून बाहेर पडून उतारावरच्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळणावर येत. 10 एप्रिल 2018 रोजी पहाटे याच वळणावर कर्नाटकातील मजुरांना घेऊन जाणारे वाहन उलटून 18 जण दगावले. वळण टाळणारा नवा रस्ता व दोन नवे बोगदे येथे हाती घेण्यात आले, ते अशाच अनुभवांनंतर.

आता वळणाचे गणित पाहू. वळणाची त्रिज्या 100 मीटर आहे असे समजा. वाहनाला वळवण्यासाठी लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. वेग ताशी 40 कि.मी., म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर असेल, तर हे त्वरण 1.23 येते, गुरुत्व त्वरणाच्या सुमारे आठवा भाग. वेग दुप्पट केला की ते चौपट होऊन 4.94 होते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या निम्मे!

हे त्वरण टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाने मिळते. घर्षण अपुरे पडले तर वाहन घसरते. पण घसरण्याआधी उलटणार की नाही, हे गुरुत्वमध्यावर ठरते. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. ट्रकच्या बाबतीत हे निम्मे अंतर 0.9 मीटर धरू. माल खाली असून गुरुत्वमध्य 1.2 मीटरवर असेल, तर उत्तर 0.75 येते. तोच माल उंच रचून, किंवा माणसे उभी करून, गुरुत्वमध्य 1.8 मीटरवर नेला, तर उत्तर 0.5! म्हणजे ताशी 80 कि.मी.ला हा ट्रक उलटण्याच्या उंबरठ्यावर येतो. (सपाट वळण धरले आहे, रस्त्याला आतल्या बाजूस उतार दिला, तर थोडी सवलत मिळते.) मोटारीचा गुरुत्वमध्य खाली असतो, म्हणून ती बहुधा आधी घसरते. एकाच वळणावर मोटार कठड्याला घासलेली आणि ट्रक आडवा पडलेला दिसतो तो यामुळे.

वाळवा तालुक्यात घाट नाही, तेथील संकट वेगळे. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी 20 कि.मी.ने चाललेला असतो. मागून ताशी 90 कि.मी.ने ट्रक येतो. दोघांच्या वेगातील फरक सेकंदाला 19.4 मीटर. ट्रॉलीला मागे दिवा नाही आणि ती 60 मीटरवर दिसली, असे समजा. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात 29 मीटर संपतात. उरलेल्या 31 मीटरांत हा फरक नाहीसा व्हायला हवा. ब्रेकने सेकंदाला 5 मीटर प्रति सेकंद वेग कमी होत असेल, तर 38 मीटर लागतात. टक्कर अटळ! लाल चमकती पट्टी असती आणि ट्रॉली 100 मीटरवरून दिसली असती, तर ट्रक आरामात सावरला असता. त्या पट्टीची किंमत ती काय!

गंमत अशी, की रस्ता तुडुंब भरला की सगळ्यांचाच वेग उतरतो आणि वेगांतील फरकही कमी होतो. टकरी अनेक होतात, पण बहुतेक किरकोळ. रात्री वाहने विरळ, म्हणून वेग जास्त.

आता ट्रकचा वेग ताशी 60 कि.मी. धरून वरचे गणित पुन्हा करा. 60 मीटरपैकी किती अंतर शिल्लक राहते?