अँजिओग्राफी नॉर्मल, दुखणं चालूच

अँजिओग्राफी नॉर्मल आली की घरात पेढे येतात. आमच्याकडे साताऱ्यातही आले. नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, सुटलात! आता बिनधास्त राहा." त्याच आठवड्यात छातीत पुन्हा भरून आलं, पण ते सांगायची सोय उरली नव्हती. रिपोर्ट चांगला आलेल्या बाईने दुखतंय म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणं.

दुखणं सिनेमात दाखवतात तसलं नव्हतं. छातीवर कुणी तळहात दाबून ठेवावा तसा भार यायचा, जबड्यापर्यंत चढायचा. बँकेचा जिना चढले की यायचा, हे ठीक. पण घरी निवांत बसल्यावरही कधी यायचा, आणि थांबून विश्रांती घेतली तरी अर्धा-अर्धा तास जायचा नाही. उलट एखाद्या दिवशी अजिंक्यतारा चढून गेले तरी काही नाही. पाळी जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि बीपीची गोळी आधीपासून चालू होती. असल्या बेभरवशाच्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. घरच्या डॉक्टरांनी ऍसिडिटी म्हटलं, शेजारच्या काकूंनी ओवा दिला. ईसीजी साफ होता. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी, पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली. त्यात ब्लॉकेज नाही असं निघालं, तेव्हा टीएमटीच खोटी ठरवली. डिस्चार्ज कार्डवर तसं लिहिलं आणि सोबत झोपेची गोळी दिली.

बायकांमध्ये टीएमटी पुष्कळदा खोटी पॉझिटिव्ह येते हे खरंच आहे, त्यामुळे त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पण "ब्लॉकेज नाही" आणि "दुखणं हृदयाचं नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मला त्यातलं पहिलं सांगितलं गेलं आणि आम्ही घरी येईपर्यंत त्याचं दुसरं करून टाकलं.

फरक मला पुढे पुण्याच्या एका डॉक्टरांनी समजावला. मी उसाच्या पट्ट्यातली आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "मॅडम, कालवा भरून वाहतोय एवढंच आम्ही फोटोत पाहिलं. टेलच्या चाऱ्यांना पाणी पोचतं का, ते त्या फोटोत दिसतच नाही." अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या पृष्ठभागावरच्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्या फांद्या. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्यात उमटत नाहीत, आणि स्नायूला रक्त किती मिळायचं ते मुख्यतः त्याच ठरवतात. श्रम झाले की त्या पुरेशा उघडल्या नाहीत, किंवा उगाच आवळल्या, तर मोठी वाहिनी स्वच्छ असूनही छाती भरून येते. याला मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात. दुसरा प्रकार मोठ्या वाहिनीच्याच आकसण्याचा, म्हणजे स्पॅझमचा. तो बहुधा विश्रांतीत, रात्री किंवा पहाटे होतो. मायरन प्रिन्झमेटल या अमेरिकन डॉक्टरने १९५९ साली तो नोंदवला होता. म्हणजे प्रकार नवा नाही. तरीही अनेक वर्षं अशा बायकांना "धोका काही नाही" सांगून घरी पाठवत राहिले. अमेरिकेत १९९६ साली वाइज हा फक्त स्त्रियांवरचा मोठा अभ्यास सुरू झाला आणि मोठं ब्लॉकेज नसलेल्या, पण दुखत असलेल्या बायकांचं पुढे काय होतं ते त्यात नीट पाहिलं गेलं. धोका ब्लॉकेजवाल्यांपेक्षा कमी, पण शून्य नाही, असं त्यातून दिसलं.

इथे एक सावधगिरी. हे वाचून प्रत्येक नॉर्मल अँजिओग्राफीवालीने स्वतःला हा आजार चिकटवून घेऊ नये. अन्ननलिकेचं दुखणं हुबेहूब असंच वाटू शकतं. फासळ्यांच्या सांध्यांची सूज, रक्त कमी असणं, थायरॉइड, आणि हो, घाबरेपणाचे झटकेही असतात. माझी एंडोस्कोपी झाली, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासलं. ते सगळं निस्तरल्यावरच पुण्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवर नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे "संभाव्य" असा शब्द टाकला. तो शब्द अजून तसाच आहे.

संभाव्य नावासोबत कसं राहायचं, त्याबद्दल मला आता थोडं बोलता येतं.

प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते, आणि तो प्रश्न कोणता हे विचारून घ्यायला लाजू नये. टू-डी इको पंपाची ताकद आणि झडपा सांगते. ट्रोपोनिन स्नायूला इजा झाली का ते सांगतं. ते नॉर्मल आलं तर इजा नाही एवढाच अर्थ, दुखणं कशाचं ते कळत नाही. ईसीजीची खरी किंमत दुखत असताना काढला तर. दुखणं ओसरल्यावर दवाखान्यात पोचलं की कागद बहुधा गुळगुळीत येतो. म्हणून जवळ ईसीजी कुठे निघतो हे आधीच माहीत करून ठेवावं. अँजिओग्राफीचा कागदच नाही, सीडीही मागून घ्यावी. रक्त सावकाश वाहतंय किंवा वाहिनीचा एखादा भाग स्नायूखालून जातोय, अशा गोष्टी दुसऱ्या डॉक्टरांना चित्रात दिसतात. नुसत्या "नॉर्मल" शब्दात त्या सापडत नाहीत.

दुखण्याची वही ठेवावी, पण थोडक्यात. किती वाजता, काय करत होते, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं. मी सुरुवातीला पानंच्या पानं लिहायचे, ती कुठल्याही डॉक्टरांनी वाचली नाहीत. चार ओळी मात्र सगळे वाचतात. त्या चार ओळींतूनच जिना आणि विश्रांती अशा दोन्ही वेळचं माझं दुखणं वेगळं निघालं, आणि विश्रांतीतलं स्पॅझमचं असू शकतं हा संशय आला. औषधाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं असतं. बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या श्रमाच्या अंजायनात उपयोगी पडतात, पण स्पॅझममध्ये त्या त्रास वाढवू शकतात. तिथे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर द्यावे लागतात. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये, आणि चालू गोळी मनाने बंदही करू नये.

इतर औषधंही सांगावीत, न विचारता. मला अर्धशिशी आहे. तिच्यासाठी देतात त्या ट्रिप्टान किंवा अर्गोट जातीच्या गोळ्या रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाच्या डॉक्टरांना डोकेदुखीचं सांगावं हे मला सुचलंच नसतं, तिथल्या सिस्टरने विचारलं म्हणून निघालं. पुरुष वाचकांसाठी एक वाक्य: सिल्डेनाफिल घेत असाल तर सॉर्बिट्रेट, म्हणजे अंजायनात जिभेखाली ठेवतात ती गोळी, घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगाच, दोन्ही मिळून बीपी जीवघेणं खाली येऊ शकतं. लाज दवाखान्याच्या दारात ठेवावी. सॉर्बिट्रेट घेणाऱ्या कुणीही ती बसूनच घ्यावी, उभ्याने चक्कर येते. बारीक वाहिन्यांच्या दुखण्यात ती दर वेळी लागू पडेलच असं नाही. पडली नाही म्हणजे दुखणं खोटं, असा निष्कर्ष काढणारे मला घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे भेटले.

बाकी पथ्य सगळ्यांना माहीत असलेलंच: बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, रोज चालणं. मिश्रीला मात्र मुद्दाम बोट लावते. आपल्याकडच्या कित्येक जणी ती तंबाखूत धरतच नाहीत, आणि डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की मान हलवून नाही म्हणतात.

सगळ्यात कळीची गोष्ट रात्रीबेरात्रीची. नेहमीपेक्षा वेगळं दुखणं, काही मिनिटांत न थांबणारं, घाम, धाप, गरगरणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर "माझं नेहमीचंच असेल" म्हणून पडून राहायचं नाही. १०८ ला फोन करायचा, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. जुना आजार असणाऱ्याला हार्ट अटॅक येत नाही असा काही नियम नाही. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "मागची अँजिओग्राफी नॉर्मल होती" हे नसावं. ते ऐकलं की समोरच्याची घाई संपते. लपवायचं काहीच नाही, पण आधी आत्ता काय होतंय आणि कधीपासून ते सांगावं, ईसीजी निघू द्यावा, मग जुनी फाईल काढावी. माझ्या पर्समध्ये एक कागद असतो. त्यावर संभाव्य निदान, चालू गोळ्या, काय चालत नाही आणि डॉक्टरांचा नंबर आहे. ह्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे.

मग हे "संभाव्य" कधी जाणार? त्यासाठी चाचणी आहे. हृदयाच्या वाहिनीत बारीक तार घालून आधी ॲडिनोसिनने प्रवाह किती वाढतो ते मोजतात, नंतर ॲसिटिलकोलिन देऊन आकसण पाहतात. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१८ साली अशा १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे उपचार या चाचणीवरून ठरवले त्यांचा अंजायना इतरांपेक्षा कमी झाला. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा रुग्णांसाठी तिची शिफारस आहे. पण ती सगळीकडे होत नाही, आणि पुन्हा कॅथलॅबमध्ये जावं लागतं. सध्याच्या गोळ्यांवर मी जिना चढते, बँकेत जाते, म्हणून मी ती पुढे ढकलली आहे. दुखणं वाढलं किंवा गोळ्या पुरेनाशा झाल्या तर करायची, असं डॉक्टरांशी ठरलं आहे, आणि तेही फाईलमध्ये त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे, कारण तेव्हा समोर हेच डॉक्टर असतील याचा भरवसा नाही.