बायोलॉजी सोडू नका, मॅथ्सही सोडू नका

दहावीचा निकाल लागला की ओझर टाउनशिपमध्ये घराघरांत एकच चर्चा सुरू होते: ग्रुप कोणता घ्यायचा? बाबा एच.ए.एल.च्या विमान कारखान्यात, म्हणून मुलाने मॅथ्स घेऊन इंजिनिअरिंग करावं. मुलीला बायोलॉजी आवडते, मग डॉक्टर, ते नाही जमलं तर डेंटिस्ट. दोन-चार दिवसांत फॉर्म भरला जातो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा एक विषय कायमचा सुटतो. त्याआधी एका कामाची माहिती घ्या. या कामाला दोन्ही विषय लागतात आणि ओझरच्या मुलांना त्याचं अर्धं बाळकडू घरातच मिळालेलं असतं. ते काम म्हणजे तोंडाच्या आणि जबड्याच्या ऑपरेशनआधी पेशंटच्या हाडाचा थ्रीडी प्रिंट नमुना तयार करणं आणि त्यावर ऑपरेशनची आखणी करणं.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट येतच आहेत. गाठ खालच्या जबड्याच्या हाडात शिरली की तेवढा हाडाचा भाग काढावा लागतो. ती जागा भरायला पायातलं फिब्युला हे बारीक हाड घेतात. शरीराचा भार मुख्यतः शेजारचं जाड हाड पेलतं, म्हणून हे देता येतं. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग मात्र शाबूत ठेवतात. जबड्यासाठी फिब्युला वापरण्याची ही पद्धत १९८९ पासूनची. अडचण एवढीच, की फिब्युला सरळ असतं आणि जबडा वळणदार. मग त्या हाडाचे दोन-तीन तुकडे नेमक्या कोनात कापून, टायटॅनियमच्या पट्टीवर बसवून जबड्याचं वळण साधावं लागतं. कोन चुकला तर वरचे-खालचे दात जुळत नाहीत आणि चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो.

पूर्वी हा सगळा हिशोब पेशंट टेबलावर बेशुद्ध असताना नजरेच्या अंदाजाने व्हायचा. आता सीटी स्कॅनवरून जबड्याचा हुबेहूब नमुना आधीच सर्जनच्या हातात येतो. त्यावर पट्टी वाकवून, निर्जंतुक करून तयार ठेवता येते. करवत कुठे आणि कोणत्या कोनात चालवायची, त्याचे गाइडही छापून घेता येतात. ऑपरेशनचा वेळ वाचतो, म्हणजे पेशंट तेवढा कमी काळ भुलीखाली राहतो. २०२१ मध्ये कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. अनेकांचा वरचा जबडा, टाळू, कधी डोळ्याखालचं हाडही काढावं लागलं. प्रत्येकाची पोकळी वेगळ्या आकाराची, तयार मापाचं काही बसणारच नव्हतं. अशा वेळी नमुना हातात असला की आखणी किती सोपी होते, हे तेव्हा अनेक सर्जननी अनुभवलं.

हे नेमकं कोण करतं? साधारण मिलिमीटरच्या दहाव्या किंवा विसाव्या भागाएवढा एकेक थर चढवत प्रिंटर नमुना उभा करतो. पण ते यंत्राचं काम. कस लागतो तो त्याच्या आधी, स्क्रीनसमोर. स्कॅनमध्ये हाड, मांस, हवा या सगळ्या करड्या छटा असतात. त्यातलं हाड तेवढं वेगळं करायचं. दातावर धातूची कॅप असेल तर स्कॅनवर किरणांसारख्या पांढऱ्या रेषा पसरतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. डोळ्याच्या खोबणीचं तळाचं हाड तर इतकं पातळ, की सॉफ्टवेअर त्याला हाडच समजत नाही आणि धडधाकट कवटीत भोक दिसू लागतं. ते भोक खरं की खोटं, हे शरीररचना शिकलेल्याला कळतं. एक बाजू फ्रॅक्चरने चुरगळली असेल तर चांगल्या बाजूचा आरसा-आकार काढून तिकडे बसवायचा, ही भूमिती. म्हणून म्हणतो, दोन्ही विषय लागतात.

शेवटी तपासणी. नमुन्यावरच्या ठरावीक दोन बिंदूंमधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजायचं आणि स्कॅनवरच्या आकड्याशी ताडून पाहायचं. फरक जास्त असेल तर नमुना बाद. ओझरच्या पालकांना हे वेगळं समजावायला नको. १९६४ मध्ये इथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई आली. ड्रॉइंग, टॉलरन्स, इन्स्पेक्शनचा शिक्का हे शब्द या गावात मुलं जेवताना ऐकत मोठी होतात. मापात बसलं नाही तर पार्ट पुढे जाणार नाही, हा संस्कार कोणत्याही कोर्सच्या फीमध्ये मिळत नाही. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, त्यामागचे प्रा. बी. रवी मूळचे मेकॅनिकलचे, त्यातही धातूच्या ओतकामाचे अभ्यासक. ओतकामातला माणूस डॉक्टरांसोबत बसून उपकरणं घडवू शकतो, तर मशीन शॉपवाल्याच्या घरातल्या मुलाने संकोच का करावा?

आता वाटा. ऑपरेशन स्वतः करायचं असेल तर नीट देऊन बीडीएस, इंटर्नशिप धरून पाच वर्षं, आणि त्यानंतर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत एमडीएस, आणखी तीन वर्षं. बारावीनंतर आठ वर्षं लागणार, हे घरात आधीच स्पष्ट बोला. एमडीएसच्या सर्जरीच्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी. जागा न मिळाल्यास साधी प्रॅक्टिस आनंदाने करशील का, हे मुलीला आजच विचारा. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं डेंटल कॉलेज आहे, आरोग्य विद्यापीठही नाशिकमध्येच. खासगी कॉलेजची फी ऐकीव माहितीवर धरू नका, राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार मंजूर फी जाहीर करतं, ती पाहा.

इंजिनिअरिंगच्या बाजूने यायचं तर सीईटी देऊन मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणंही उत्तम, माझ्या मते हाताने काम आवडणाऱ्या मुलांसाठी तोच सरस मार्ग. आयटीआयमध्येही आता थ्रीडी प्रिंटिंग टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दातांच्या लॅबमध्ये काम करायचं असेल तर डेंटल मेकॅनिकचा डिप्लोमा आहे.

नोकरीबद्दल मात्र पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. जबड्याचे नमुने ही रोजची घाऊक कामं नव्हेत, ती मोठ्या रुग्णालयांत आणि मोजक्या कंपन्यांत होतात. रोजचं पोट भरतं ते डेंटल लॅबच्या कामावर: कॅप आणि ब्रिजचं डिझाइन, इम्प्लांटचे गाइड, दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर. बहुतेक अलाइनर छापलेल्या नमुन्यावर घडवतात. म्हणजे हात तिथे बसतो आणि अवघड कामं त्या ओळखीतून येतात. ‘तीन महिन्यांत थ्रीडी प्रिंटिंग, नोकरीची हमी’ अशा जाहिराती दिसल्या तर पैसे भरण्याआधी विचारा: खरे स्कॅन हाताळायला देणार का? कोणत्या हॉस्पिटलशी किंवा लॅबशी करार आहे? मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत? उत्तर गोलमोल आलं तर उठून या. आधी पदवी, डिप्लोमा किंवा ट्रेड यांपैकी एक पक्का पाया, छोटे कोर्स त्यानंतर.

मुलाला हे काम आवडेल का, हे एक पैसा न खर्चता घरीच कळतं. ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या नमुना डेटामध्ये डेंटल सर्जरीच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन दिलेला आहे. सुट्टीत तो उघडून द्या आणि जबडा वेगळा करायला सांगा. पहिल्या तासाला सगळ्यांनाच मजा वाटते. दातांच्या मुळांपाशी एकेक ठिपका पुसत तिसऱ्या तासालाही तो खुर्चीत टिकून असेल, तर अकरावीच्या फॉर्मवर फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही लिहा. चार विषय जड जातात, हे खरं. पण नीट आणि सीईटी दोन्ही दारं बारावीपर्यंत उघडी राहतात, आणि तोवर मूल दोन वर्षांनी मोठं झालेलं असतं.