डीजेसाठी हलका लॅपटॉप घेताना

लग्नसराईत साउंड भाड्याने देणारे आमचे तरुण बांधव आता डीजेसाठी लॅपटॉप घेऊ लागले आहेत. मागणी एकच, वजनाला हलका हवा. पण नुसता पन्ना पाहून आम्ही थान उचलत नाही.

लॅपटॉप सेकंदाला 44,100 नमुने या हिशेबाने आवाज तयार करतो. बफर 256 नमुन्यांचा ठेवला, तर प्रत्येक तुकड्यासाठी त्याला सहा मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात काम उरकले नाही की गाणे तुटते, आणि भर मांडवात गाणे तुटले की ठरलेल्या पैशातून कापाकापी होते. बफर 512 केला तर वेळ दुप्पट मिळतो. मात्र हाताच्या मागून आवाज किंचित उशिरा येतो.

पातळ यंत्र तापले की आपला वेग आपणच कमी करते. 2020 चा एम-1 मॅकबुक एअर 1.29 किलोचा, पण त्यात पंखाच नाही. कंपनी तो 35 अंशांपर्यंतच वापरा म्हणते. मे महिन्यातला आपला मांडव आठवा! तिथे पंख्याचे, थोडे जड यंत्र बरे.

रॅम 16 जीबी असावी. फिरत्या डिस्कचा जुना माल स्वस्त मिळाला तरी नको, बेसच्या हादऱ्याने ती अडखळते; एसएसडीच घ्यावी.

सौद्याआधी आपला कंट्रोलर जोडून, वाय-फाय बंद करून तासभर वाजवून पाहावे, अर्धा वेळ चार्जर काढून. दुकानदार राजी नसेल तर दुसरे दुकान गाठावे.